टिबुकलीचे बिऱ्हाड

प्रवासवर्णन लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा काशी-रामेश्वर करून आलेला असतो, नाही तर समुद्र ओलांडून परमुलूख पाहून आलेला असतो. आमच्या गाठीस यांपैकी काहीच नाही. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील एका गावी छत्तीस वर्षे शिक्षकाची नोकरी, एवढ्यातच आमचे आयुष्य गेले. तरीही एक स्थलवर्णन वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. स्थळ लहान आहे, तेथे आम्ही पाहिले तेही लहानच. परंतु त्याने आमच्या मनातील एक जुने ओझे वर काढले, आणि ते सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आमच्या वडीलबंधूंच्या पश्चात वहिनी आपल्या मुलाकडे, म्हणजे आमच्या पुतण्याकडे, पुरुषोत्तमनगर येथे राहतात. हे गाव नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ आहे. श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना तेथे आहे, आणि पुतणे त्याच परिसरात बिऱ्हाड करून आहेत. "भावोजी, एकटे राहून हात भाजून घेता, यंदाचा चातुर्मास आमच्याकडे करा," असा वहिनींचा निरोप दरसाल येई. गेल्या आषाढात आम्ही तो मानला.

धुळ्याहून एस. टी. ने दोंडाईचा आणि तेथून शहादे, असा आमचा मार्ग होता. वाटेत सारंगखेड्यास तापी ओलांडावी लागते. मध्यप्रदेशात मुलताईस उगम पावून सुरतेपाशी समुद्रास मिळणारी ही नदी ७२४ किलोमीटर वाहते. नर्मदेप्रमाणेच पश्चिमवाहिनी, आणि पुराणांच्या मते सूर्याची कन्या. आषाढ शुद्ध सप्तमी हा तिचा जन्मदिवस मानतात. आम्ही पूल ओलांडला तो योगायोगाने त्याच दिवशी. पाणी गढूळ होते आणि दोन्ही थड्यांना लागून चालले होते. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीतून नाणे काढून खिडकीतून पात्रात टाकले व हात जोडले. आम्हीही जोडले.

पुरुषोत्तमनगर पाहावयाचे तर हंगामात पाहावे असे लोक म्हणतात. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले, की उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा वास आणि रात्रभर चाललेली यंत्रांची घरघर यांत गावाला झोप नसते. आम्ही गेलो तेव्हा पावसाळा होता. साखर कारखान्यांत हा काळ यंत्रांच्या दुरुस्तीचा. सगळीकडे शांतता. उत्तरेस सातपुड्याची निळी ओळ, कधी ढगांत बुडालेली, कधी पावसाने धुतल्यासारखी जवळ आलेली. चहूकडे ऊस, पपई, केळी आणि कापूस. काळ्या जमिनीची चिखलवाट अशी, की एक पाऊल उचलावे तो चप्पल मागे राहावी. बाजारात कानांवर येणारी अहिराणी आम्हांस पहिले दोन दिवस अर्धीच समजे. तिसऱ्या दिवसापासून गोड वाटू लागली.

पुतण्याचे चिरंजीव, म्हणजे आमचे नातू, महाविद्यालयात शिकतात. सुट्टीस आलेल्या या मुलाच्या गळ्यात सदैव कॅमेरा. त्याचे भिंग हातभर लांब. दूरच्या झाडावरील पानाची शीरही त्यातून स्पष्ट दिसे. आमच्या तरुणपणी आमच्यापाशी आग्फा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा होता. एका फितीवर बारा चित्रे निघत आणि त्यांत बगळा टिपला तर तांदळाच्या दाण्याएवढा येई. म्हणून नातवाने, "आजोबा, तळ्यावर येता का? पाखरांची घरटी आहेत," असे विचारताच आम्ही काठी उचलली.

हे तळे म्हणजे शेतांच्या उताराला माती अडवून केलेला एक पाझर तलाव. तो नेमका कोठे आहे, हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेल. उन्हाळ्यात त्याची भेगाळलेली जमीन होते, आणि मृगाच्या पावसाने पुन्हा पाणी साठते. एका अंगाला पाणकणसांचे दाट बेट, मध्ये तरंगणाऱ्या पानवेली, आणि पलीकडे गुरे पाण्यावर येतात तो उघडा काठ.

पहिल्या सकाळी नातवाने आम्हांस एकेकाची ओळख करून दिली. छत्तीस वर्षे मुलांना शिकविणारा मनुष्य त्या दिवशी विद्यार्थी झाला. काठाच्या चिखलात तांबड्या काटकुळ्या पायांचा शेकाट्या, जणू धोतर वर खोचून ओढा ओलांडणारा भटजी; पाणकणसांतून डोकावून पुन्हा आत शिरणारी पांढऱ्या छातीची लाजरी पाणकोंबडी; खडकाळ बांधावर टिटवी; पानवेलींवरून लांब बोटांनी पाण्यावर चालल्यासारखा चालणारा कमळपक्षी. आणि या सर्वांत लहान, कबुतराहूनही लहान, ती टिबुकली. शेपटी जवळ जवळ नाहीच, मान तांबूस, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका. आत्ता दिसावी आणि आत्ता बुडी मारून नाहीशी व्हावी. तिचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाशी असतात, म्हणून पोहण्यात पटाईत आणि जमिनीवर मात्र दोन पावले टाकावयाची तरी अडखळते. त्यामुळे तिला जमिनीवर घर करणे जमत नाही. ती कुजकी पाने आणि शेवाळ गोळा करून पाण्यावरच तरंगते घरटे रचते आणि ते देठांना अडकवून ठेवते.

असे एक घरटे पाणकणसांच्या कडेला, काठापासून वीसेक पावलांवर होते. दुरून ते कुजक्या पाल्याच्या ढिगासारखेच दिसे. नातवास एका छायाचित्र-स्पर्धेसाठी चित्र पाठवावयाचे होते, आणि काठावरून पाणकणसे आड येत. तळ्यावर राखण करणाऱ्या म्हाताऱ्यापाशी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळ्या बांधलेला तराफा होता. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने तो मागून घेतला. आमची संमती विचारली, आम्ही दिली. ही गोष्ट येथे स्पष्ट लिहिली पाहिजे. मूल अजाण होते असे नाही, पण वडीलधारे म्हणून होकार आमचा होता.

तराफा कणसांना वळसा घालून एकदम घरट्यासमोर गेला. टिबुकली क्षणभर गोंधळली आणि पाण्यात सटकली. चित्र फार सुंदर निघाले. ओल्या पाल्याच्या वाटीत चार अंडी, दोन पांढुरकी, दोन पाल्याच्या रंगाने बदामी झालेली, आणि बाजूला पाण्याची एक गोल लाट. काठावर येऊन आम्ही दोघे कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर ते पाहत होतो, कौतुक करीत होतो. तेवढ्यात बाभळीवरून दोन कावळे उतरले. आम्ही ओरडलो, नातवाने ढेकूळ फेकले. पण वीस पावलांचे पाणी मध्ये होते. मिनिटाभरात काम झाले. पुढे किती तरी वेळ टिबुकली घरट्याभोवती पोहत राहिली. आवाज काढला नाही.

राखणदार जवळ आला. त्याचा स्वर रागाचा नव्हता. अहिराणी वळणाच्या मराठीत तो म्हणाला, "गुरुजी, हे पाखरू उठताना आपले घर झाकून जाते. आज तुम्ही त्याला झाकायलाही वेळ दिला नाही."

घरी येऊन नातवाने पुस्तक उघडले तेव्हा म्हाताऱ्याचे बोलणे अक्षरशः खरे ठरले. टिबुकली घरटे सोडताना चोचीने ओला पाला ओढून अंड्यांवर घालते. कावळ्याला मग नुसता कचरा दिसतो. संथपणे कोणी आले तर तिला चार-सहा क्षण मिळतात. एकाएकी कोणी समोर उभा राहिला तर ते मिळत नाहीत. म्हणजे आमच्या चित्रात जे सुंदर दिसत होते, ती उघडी अंडी, तेच तिच्या घराच्या नाशाचे कारण होते. अंडी झाकली असती तर चित्र मिळाले नसते. चित्र मिळाले म्हणून अंडी गेली.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण केवळ सकाळचा प्रसंग नव्हे. आमच्या शाळेत आम्ही एक पेटी केली होती. तिला 'निसर्गमंजूषा' असे भारदस्त नाव दिले होते. आत कापसाचे खण, प्रत्येक खणात एक अंडे, आणि खाली आमच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: टिट्टिभ, बक, कपोत, शुक. सुईने दोन्ही टोकांना भोक पाडून, फुंकून आतला बलक काढावयाचा, ही विद्या आम्ही मुलांना शिकविली होती. जो मुलगा नवे अंडे आणील त्यास वर्गासमोर शाबासकी. पोरे रानोमाळ हिंडत. पेटीत बावीस अंडी जमली. मुलांना निसर्गाची गोडी लावल्याचे समाधान आम्ही कित्येक वर्षे बाळगले. पुढे वाळवीने कपाट खाल्ले आणि पेटी गेली. समाधान मात्र राहिले होते.

दुसऱ्या दिवशी नातवाने आम्हांस आणखी एक गोष्ट दाखविली. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे. त्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यात केवळ मारणे येत नाही. पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे, त्यांच्या अंड्यांस अथवा घरट्यांस उपद्रव देणे, हेही येते. आमची पेटी या कायद्यानंतरची. ज्यास आम्ही पाठ समजत होतो त्यास कायदा शिकार म्हणत होता, आणि व्युत्पत्ती शिकविणाऱ्या मास्तरास या एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. हे सर्व आम्ही नातवास सांगितले. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "आजोबा, मग आता तळ्यावर जायचेच नाही का?"

हाच खरा प्रश्न होता. न जाणे सोपे होते. परंतु ज्या माणसांनी पक्षी पाहिले, त्यांनीच पुढे ते राखले, हेही खोटे नाही. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले, आणि त्याने कित्येक घरांत बंदुकीच्या जागी दुर्बीण आणली. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करता करता पक्ष्यांची नावे आणि शब्द यांचे भांडार गोळा केले. २०२५ साली ते गेले तेव्हा त्यांचे लेखन वाचून रानाकडे वळलेली माणसे महाराष्ट्रभर होती. आमच्याच नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले ते पहिले स्थळ. तेव्हा पाहावे की नाही हा प्रश्न नसून कसे पाहावे हा आहे.

नातवाने इंग्लंडातील कीर्टन बंधूंची हकीकत सांगितली. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोघा भावांनी १८९५ साली घरट्यांचे एक पुस्तक काढले, ज्यातील सर्व चित्रे कॅमेऱ्याने घेतलेली होती. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी पुढे पेंढा भरलेल्या बैलाच्या पोकळ कातड्यात शिरून चित्रे घेतली. बैल चरताना पाहावयाची पक्ष्यांना सवय असते. माणूस डोळे लावून पाहत उभा असतो याची नसते. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बैल काही घरात नाही; पण माझे एक जुने हिरवे लुगडे आहे." सूनबाईंनी त्याला दोन गोणपाट जोडून दिले. बांबूच्या चार काठ्या रोवून, काठापासून मागे, बाभळीच्या सावलीत आमचा आडोसा उभा राहिला. तोही एकदम उभा केला नाही. पहिल्या दिवशी काठ्या, दुसऱ्या दिवशी गोणपाट, तिसऱ्या दिवशी लुगडे. चौथ्या दिवशी पहाटे अंधारातच आत जाऊन बसलो.

नियम तीनच केले. पहिला, पाण्यात उतरावयाचे नाही. दुसरा, एक काडीही बाजूला सारावयाची नाही. चित्रासाठी आड येणारे पान हेच घरट्याचे दार. तिसरा, पक्षी मान उंच करून आपल्याकडे पाहू लागला तर चित्र टाकून मागे सरावयाचे. या नियमांत नातवाची स्पर्धा बसत नव्हती. शेवटची तारीख जवळ येत होती, आणि उघड्या अंड्यांचे ते चित्र त्याच्या कॅमेऱ्यात तयार होते. ते पाठवावे की नाही हे आम्ही त्याच्यावर सोपविले.

टिबुकलीची जात हार मानणारी नाही. अंडी गेली तर हंगाम असेतो ती पुन्हा घर करते. आठवडाभराने कणसांच्या दुसऱ्या टोकाला नवा पाला साठू लागला. नर आणि मादी दिसावयास सारखीच. दोघेही बुडी मारून तळाचा पाला आणीत आणि ढिगावर थापीत. ढीग पाण्यावर बोटभरच दिसे, पण खाली त्याची जाडी हातभर तरी असावी. एक दिवसाआड एक पांढरे अंडे कधी ओझरते दिसे. लगेच पाल्याखाली जाई. भर दुपारी दोघांपैकी एक उतरले तर दुसरे येईतो अंडी झाकलेली. ते झाकणे आम्ही शंभर वेळा तरी पाहिले असेल. डावीकडून एक चोच पाला, उजवीकडून एक, मध्ये एक. मग हळूच पाण्यात. देव झाकून ठेवून पुजाऱ्याने गाभाऱ्याबाहेर यावे तसे. आणि प्रत्येक वेळी त्या पहिल्या सकाळची आठवण होई.

आडोशात बसले म्हणजे इतरांचेही संसार दिसत. बांधावरच्या टिटवीला चार पिल्ले झाली होती. धोंड्यांच्या रंगाची ही पिल्ले आईने इशारा देताच जमिनीस अशी चिकटत, की डोळ्यांसमोर असून दिसत नसत. उन्हाच्या दिवसांत ही पाखरे पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंड्यांवर येऊन बसतात आणि त्यांना गारवा देतात. ज्या पक्ष्याचे रात्रीचे ओरडणे आपण अशुभ मानतो, तो असा काळजीवाहू.

कमळपक्ष्याची रीत आणखी वेगळी. मादी आकाराने मोठी; ती अंडी घालून निघून जाते आणि दुसऱ्या नराबरोबर नवा संसार थाटते. अंडी उबविणे आणि पिल्ले सांभाळणे हे सर्व नराकडे. पाणी वाढले तर तोच अंडी चोच आणि छाती यांमध्ये धरून दुसऱ्या पानावर नेतो. ही हकीकत जेवताना सांगितली तेव्हा सूनबाईंनी मान वर केली नाही, पण वाढता वाढता पुतण्याच्या पानाकडे पाहून हसल्या. वहिनी म्हणाल्या, "निदान एका जातीत तरी न्याय आहे म्हणायचा." पुतणे मुकाट्याने ताक भुरकू लागले.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आम्ही प्रकाशास गेलो. तापी आणि गोमाई यांचा येथे संगम आहे. लोक या क्षेत्रास दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ साली येथील टेकाडाचे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. केदारेश्वराचे दर्शन घेऊन घाटावर बसलो असता एका वृद्ध नावाड्याशी बोलणे निघाले. आम्ही तळ्यावरच्या पाखरांविषयी सांगितले, तेव्हा तो म्हणाला की त्याच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे मध्ये वाळूची बेटे उघडी पडत, आणि सुरय पक्षी त्या वाळूतच अंडी घालीत. आता सारंगखेड्यास आणि प्रकाशास बॅरेजांनी पाणी अडविले आहे. उन्हाळ्यातही पात्र भरलेले असते. शेतांना पाणी मिळाले, पिके हिरवी झाली. त्यांच्या घरच्या विहिरीलाही आता पाणी असते. पण ती बेटे पाण्याखाली गेली आणि पाखरे दिसेनाशी झाली. हे सांगताना त्याने कोणास दोष दिला नाही, आणि आम्हांसही देता आला नाही. ज्या पाण्याने नावाड्याची विहीर भरली त्याच पाण्याने सुरयाचे अंगण बुडविले.

पंचतंत्रात टिट्टिभाची कथा आहे. समुद्राने त्याची अंडी ओढून नेली. पक्ष्याने सर्व पाखरांना जमवून गरुडाकडे गाऱ्हाणे नेले, गरुडाने विष्णूस सांगितले, आणि समुद्रास अंडी परत करावी लागली. टिटवीदेखील समुद्र आटविते ही म्हण आपण मुलांना चिकाटीचा पाठ म्हणून सांगतो. आम्हीही तशीच शिकविली. परत येताना मनात आले, की या कथेत आपण नेहमी टिटवीच्या बाजूने उभे राहतो. पण आपल्या हातून घडते ते बहुधा समुद्राचे काम, आणि अंडी परत करावयास सांगणारा गरुड दरवेळी येत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस मोठा पाऊस झाला. रात्रभर पन्हाळीचा आवाज ऐकत आम्ही जागे होतो. पहाटे नातू आणि आम्ही छत्र्या घेऊन निघालो. तळे हातभर चढले होते. पलीकडचा काठ बुडाला होता, पानवेली एका कोपऱ्यात लोटल्या गेल्या होत्या. आम्हांस घरट्याची आशा नव्हती. पण पाणी चढले तसे घरटेही चढले होते. कणसांच्या देठांना ते सैल अडकलेले. दावणीला बांधलेल्या नावेसारखे वर आलेले. त्यावर टिबुकली बसलेली आणि तिचा जोडीदार बुडाखाली नवा पाला सारीत असलेला. जमिनीवर जिला दोन पावले नीट चालता येत नाही, तिने जमिनीचा भरवसाच धरला नव्हता.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी तिच्या पाठीवरची पिसे हलली आणि त्यांतून एक डोके वर आले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, अंगठ्याएवढे. मग दुसरे. थोड्या वेळाने तिसरे. चौथे अंडे उबलेच नाही; ते तसेच पाल्यात राहिले. ही पिल्ले जन्मल्यापासून पोहू शकतात, पण पहिले काही दिवस आईबापांच्या पाठीवरच फिरतात. एक पालक तीन पिल्ले पाठीवर घेऊन संथ पोहत होता. दुसरा बुडी मारून किडा आणी आणि पाठीवरच्या चोचींत भरवी. मध्येच वाहन बनलेल्या पालकाला बुडी मारावीशी वाटली. तो गेला आणि तिन्ही पिल्ले बुचासारखी वर तरंगत राहिली. नातू तोंडावर हात दाबून हसत होता.

याच वेळी परीक्षा झाली. ते कुटुंब आमच्या बाजूला आले आणि आडोशापासून दहा पावलांवर कणसांमागे थांबले. पिल्लांची तोंडे आमच्याकडे. मध्ये केवळ दोन पाती. हात बाहेर काढून ती वाकविली असती तर असे चित्र मिळाले असते की पाहणाऱ्याने वाहवा म्हणावे. स्पर्धेची मुदत त्याच रात्री संपत होती. आम्ही नातवाकडे पाहिले नाही. पाहिले असते तर त्याच्यावर दडपण आले असते. त्याचा हात कॅमेऱ्यावरून उठला, किंचित थांबला, आणि गुडघ्यावर येऊन बसला. टिबुकली आणखी क्षणभर तेथे राहिली व पिल्लांसह आपल्या गतीने निघून गेली. तिला आम्ही तेथे होतो हे कळलेही नसावे. पाच आठवड्यांत आमच्या पदरी पडलेले यश म्हणावे तर एवढेच.

उघड्या अंड्यांचे ते पहिले चित्र नातवाने स्पर्धेस पाठविले नाही. पुसलेही नाही. "राहू दे, आजोबा, कोणी घरट्याजवळ नेण्यासाठी हट्ट केला तर दाखवायला उपयोगी पडेल," असे तो म्हणाला. आमच्या बावीस अंड्यांच्या पेटीचा असा उपयोग आम्हांस करता आला असता तर बरे झाले असते. तो आता या लेखाने करीत आहोत. आमचे जे विद्यार्थी आज स्वतः आईबाप झाले आहेत आणि ज्यांच्या घरी हे मासिक जाते, त्यांनी आपल्या मुलांना सांगावे की मास्तरांनी त्या वेळी दिलेली शाबासकी चुकीची होती.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कॅमेरा आहे, आणि आज मोबाईलमुळे तो घरोघरी आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. घरट्याजवळ जाण्यापेक्षा दूर बसून वेळ द्यावा. पाखरू आपणहून जवळ येते. अंड्यांवरून उठविलेला पक्षी उन्हात व पावसात किती वेळ बाहेर राहतो ते आपण मोजत नाही, पण अंडी मोजतात. पाने-फांद्या सारू नयेत. वरून यंत्र उडवून चित्र घेण्याची हल्ली जी आवड निघाली आहे, ती निदान विणीच्या दिवसांत टाळावी. आकाशातून येणारी सावली म्हणजे पाखराला घारच. आणि घरटे कोठे आहे हे चारचौघांत सांगू नये. म्हणूनच आम्ही या तळ्याचा पत्ता दिलेला नाही. पुरुषोत्तमनगरास जाणाऱ्याने शेतांतल्या कोणत्याही तळ्याकाठी आषाढ-श्रावणात तासभर स्वस्थ बसावे. बहुधा त्याला त्याची टिबुकली मिळेल.

निघण्याच्या दिवशी राखणदाराचा निरोप घेण्यास आम्ही तळ्यावर गेलो. पिल्ले आता पाठीवर मावत नव्हती. त्यांतले एक स्वतः बुडी मारण्याचा प्रयत्न करीत होते, पण हलके अंग खाली जाईना. म्हाताऱ्याने आमच्या हातात चार ओली पाणकणसे दिली. घरी आल्यावर वहिनींचे ते हिरवे लुगडे धुऊन परत पाठविले. त्यांचे उत्तर आले आहे: लुगडे बाभळीच्या काट्यांनी पाच ठिकाणी फाटले आहे, ते त्यांनी शिवून ठेवले आहे, आणि पुढच्या आषाढात आम्ही यावे.

आमच्या टेबलावर नातवाने पाठविलेले एक चित्र आहे. बरेचसे पाणी, डाव्या बाजूला कणसांची दाटी, आणि त्यांच्या आड पाल्याचा एक लहान ढीग. येणारे लोक विचारतात, "यात पक्षी कोठे आहे?" आम्ही सांगतो, "नुकताच घर झाकून गेला आहे."